तेरवीनंतरची गोष्ट

सप्टेंबर २०२५ मधली गोष्ट. शनिवार संध्याकाळचा शो, पुण्यातलं एक मल्टिप्लेक्स, आणि थिएटरात आम्ही मोजून अकरा जण. त्यातले तिघं आमच्याच रूमवरचे. सिनेमा होता रोहन कानवडेचा 'साबर बोंडं'. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागातलं सर्वांत मोठं बक्षीस या सिनेमाला मिळालं होतं. पेपरात बातमी आली, व्हॉट्सॲपवर सगळ्यांनी अभिमानाचे झेंडे लावले, आणि प्रत्यक्ष बघायला अकरा जण. असो, तो आजचा विषय नाही.

शो संपल्यावर पार्किंगमध्ये गाडी काढता काढता आमचा एक रूममेट म्हणाला, "सिनेमा भारी आहे रे. पण च्यायला, बाप जाऊन दहा दिवस झाले नाहीत आणि याला प्रेम कसं सुचतं?"

मी थांबलोच. सिनेमा दोन पुरुषांच्या प्रेमाचा आहे. मला वाटलं होतं, अडखळला तर तो तिथे अडखळेल. तिथे तो अडखळला नाही. दोन पुरुषांचं प्रेम त्याने आरामात पचवलं. त्याच्या घशात अडकलं ते सुतकातलं प्रेम!

त्या रात्री मेस बंद झाली होती म्हणून भुर्जी-पाव खाल्ला आणि झोपलो. पण ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही. कारण ते वाक्य मी आधी ऐकलं होतं. आमच्या गावात, आमच्याच घरात. आणि खरं सांगायचं तर ते माझ्याच तोंडून निघालं होतं, फक्त शब्द वेगळे होते. त्याच्याबद्दल पुढे सांगतो. आधी सिनेमा.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करणारा आनंद. त्याचे वडील वारतात. दहा दिवसांच्या दुखवट्यासाठी तो आईबरोबर गावी येतो. घर नातेवाइकांनी भरलेलं. हे करू नको, ते घालू नको, इथे बसू नको. आणि मधूनमधून, "आता लग्न करून टाक, आईला सोबत होईल." त्या गराड्यात त्याला लहानपणीचा मित्र भेटतो, बाळ्या. शेतात राबणारा, शेळ्या राखणारा. त्याच्याही मागे लग्नाचं टुमणं आहेच. दोघं शेतात, पाण्याच्या कडेला, झाडाखाली बसतात. फार बोलत नाहीत. बाळ्या त्याच्यासाठी साबर बोंडं आणतो, म्हणजे निवडुंगाची लाल फळं. वरून काटेरी, आतून गोड. कानवडेला ही कल्पना स्वतःच्या वडिलांच्या दुखवट्यात सुचली. तेव्हा नातेवाईक लग्नावरून त्याच्या मागे लागले होते आणि आपल्याला इथे एखादा जवळचा मित्र असता तर, असं त्याला वाटलं होतं. शेवट सांगत नाही. बघा.

आता रूममेटच्या प्रश्नाकडे. सुतकात प्रेम कसं सुचतं?

मला वाटतं, प्रश्नच उलटा आहे. माणूस गेल्यावर घरात जी पोकळी होते, तेव्हाच तर कुणीतरी शेजारी बसावं असं वाटतं. बोलू नये, सल्ला देऊ नये, नुसतं बसावं. सिनेमात आनंदचं प्रेम बापाच्या दुःखाला बाजूला सारून येत नाही, त्या दुःखातूनच येतं. पण आपण सिनेमे पाहून पाहून एक क्रम पाठ करून ठेवला आहे. प्रेम आधी, शोकांतिका नंतर. हा क्रम आपल्याला चालतो. चालतो कसला, जाम आवडतो. 'सैराट' २०१६ चा. आर्ची आणि परश्याचं प्रेम आधी आणि ते शेवटचं रक्त नंतर. आख्खा महाराष्ट्र रडत बाहेर आला. पण क्रम उलटा करा. शोकांतिका आधी, प्रेम नंतर. लगेच आपण घड्याळ बघायला लागतो. किती दिवस झाले? वर्षश्राद्ध झालं का? लेकरं किती मोठी आहेत?

'शोले' आठवा. १९७५ चा. जय माउथ ऑर्गन वाजवतो आणि समोर वाड्यात राधा एकेक दिवा मालवत जाते. विधवा सून आणि भाडोत्री गुंड. ठाकूर स्वतः राधाच्या वडिलांशी बोलतो, लग्न व्हावं असं ठरत येतं. आणि मग लेखकद्वयीने काय केलं? जयला मारलं. राधाने दोनदा वैधव्य भोगलं आणि तिच्या वाड्याची खिडकी बंद झाली. लहानपणी मला जय मेल्याचं वाईट वाटायचं. आता वाटतं, त्या सिनेमात खरी राहून गेलेली गोष्ट राधाची आहे.

हे सगळं मला इतकं का लागतं? कारण मी यवतमाळ जिल्ह्यातला आहे.

पुण्यात नवीन ओळख झाली आणि "गाव कुठलं?" या प्रश्नाला "यवतमाळ" असं उत्तर दिलं, की समोरच्याचा चेहरा एका ठरावीक पद्धतीने उतरतो. "अरे... शेतकरी आत्महत्या ना तिकडे?" आता मला त्याची सवय झाली आहे. आमच्या जिल्ह्यातून सिनेमावाल्यांना आणि पेपरवाल्यांना दोनच गोष्टी मिळाल्या, फास आणि वाघ. वाघ म्हणजे २०१८ साली नोव्हेंबरमध्ये गोळी घातलेली अवनी वाघीण. 'शेरनी' (२०२१) बघताना तिची आठवण आल्याशिवाय राहत नाही. फासाबद्दल तर काय बोलायचं. १९ मार्च १९८६ ला महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. राज्यातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून ती सांगितली जाते आणि १९ मार्चला अनेक जण अजूनही उपवास करतात. २००६ च्या जुलैमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. गावात वाहिन्यांच्या गाड्या आल्या की आम्ही पोट्टे त्यांच्या मागे पळायचो. आम्हाला वाटायचं, आपलं गाव फेमस झालं.

या विषयावर चांगलं काम झालं नाही असं मी म्हणत नाही. सतीश मनवरांचा 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) मी कॉलेजात पाहिला आणि हादरलो. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर अलकाला, म्हणजे सोनाली कुलकर्णीला, भीती बसते की आपला नवराही तेच करेल. मग ती त्याला जपायला लागते. त्याच्या आवडीचं करून घालते, पोराला त्याच्या मागे मागे पाठवते. लोक त्याला शेतकरी आत्महत्येवरचा सिनेमा म्हणतात. मला विचाराल तर तो आमच्या भागातल्या नवरा-बायकोच्या प्रेमाचा सिनेमा आहे. "माझं तुझ्यावर प्रेम आहे" असं आमच्याकडे कोणी म्हणत नाही. पोराला मागे पाठवतात.

नंतर 'तेरवं' आलं. श्याम पेठकरांनी लिहिलेलं, हरीश इथापेंनी बसवलेलं नाटक. त्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायका स्वतः रंगमंचावर उभ्या राहिल्या. त्याच नावाचा इथापेंचाच सिनेमा २०२४ मध्ये आला. या नाटकात काम करणाऱ्या कळंब तालुक्यातल्या वैशाली येडे यांनी जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन केलं. नयनतारा सहगल यांचं निमंत्रण रद्द झाल्यावरचा तो सगळा गदारोळ तुम्हाला आठवत असेल. त्या गदारोळात माझ्या लक्षात राहिलं ते एवढंच, की आमच्याकडची एक बाई पहिल्यांदा माईकसमोर स्वतःचं स्वतः बोलत होती. त्याच वर्षी त्यांनी लोकसभेची निवडणूकही लढवली.

म्हणजे आमच्याकडच्या विधवेला बातमीत जागा मिळाली, नाटकात मिळाली, व्यासपीठावर मिळाली, मतपत्रिकेवरसुद्धा मिळाली. कष्ट करणारी, लढणारी, लेकरं वाढवणारी बाई म्हणून आपण तिच्या पाया पडायला तयार आहोत. पण तिला कुणीतरी आवडू शकतं, हे दाखवायला सहसा कोणी धजावत नाही. पंचविसाव्या वर्षी नवरा गेला तर पुढे चाळीस-पन्नास वर्षं असतात हो! तेरवीचं जेवण उठलं की पत्रकार जातात, पाहुणे जातात आणि सिनेमाही संपतो. बाई मात्र तिथेच असते.

आता ते मघाचं. सांगायचं की नाही यावर दोन वीकेंड घातले. पण ते टाळून बाकीचं लिहिण्यात काही अर्थ नाही.

माझा चुलतभाऊ २०१४ मध्ये गेला. पाऊस नीट न झालेलं वर्ष ते. दुबार पेरणी करूनही कपाशी गेली होती. कसा गेला वगैरे लिहीत नाही, तुम्हाला अंदाज आहे. वहिनी तेव्हा चोवीस वर्षांची आणि पोरगी दोन वर्षांची. सरकारी मदत एक लाखाची असते, त्यातले तीस हजार रोख आणि सत्तर हजार ठेवीत. पण त्याआधी प्रकरण 'पात्र' ठरावं लागतं. दादाचं कर्ज बँकेचं नव्हतं. कृषी केंद्राची उधारी आणि नातेवाइकांकडून घेतलेले हातउसने. प्रकरण 'अपात्र' ठरलं. मेलेला माणूस अपात्र ठरतो, हे मला तेव्हा कळलं.

वहिनी घरीच राहिली. काकांच्या शेतात जायची, वेचणीला जायची, पोरीचं करायची. मी इंजिनिअरिंगला अमरावतीला होतो. मे २०१६ मध्ये सुट्टीत गावी गेलो. त्याच सुट्टीत मित्रांबरोबर 'सैराट' तीनदा पाहिला होता. दोनदा नाचलो आणि तिन्ही वेळा रडलो. आर्चीच्या घरच्यांना जितक्या शिव्या देता येतील तितक्या दिल्या.

एका संध्याकाळी गोठ्यामागे गेलो तर वहिनी फोनवर बोलत होती. साधा बटणांचा फोन. ती हसत होती. दोन वर्षांत तिला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तीच वेळ, तीच जागा. तिसऱ्या दिवशी मी जेवताना काकूला सहज विचारल्यासारखं विचारलं, "वहिनी रोज कोणाशी बोलते गं?"

सहज नव्हतं ते. मला कळत होतं मी काय करतोय. माझ्या डोक्यात एवढंच होतं, की दादाला जाऊन दोन वर्षं नाही झाली आणि हिला हसू कसं येतं?

भांडण झालं नाही, आरडाओरडा झाला नाही, तिला कोणी एक शब्द बोललं नाही. आमच्या घरात असं कोणी ओरडत नाही. फोन कपाटात गेला आणि रिचार्ज बंद झालं. बस. पुढे कळलं, की तो माणूस तालुक्याच्या एका जिनिंगमध्ये काट्यावर कामाला होता. कापूस घालायला गेल्यावर ओळख झालेली. त्यालाही तिच्याशी लग्न करायचं होतं म्हणे. पुढच्या वर्षी त्याचं दुसरीकडे लग्न झालं.

म्हणजे एकाच सुट्टीत मी पडद्यावरच्या आर्चीसाठी रडलो आणि घरातल्या आर्चीचा फोन काढून घेतला. 'सैराट'मध्ये मी स्वतःला परश्या समजत होतो. प्रत्यक्षात मी कोण होतो हे लिहायची गरज नाही.

मी असं का केलं, याचा विचार मी नंतर बराच केला. 'आपल्या संस्कृतीत चालत नाही' हे उत्तर मला पटेना, कारण ते खरंच नाही. आमच्याकडच्या शेतकरी जातींमध्ये विधवेचं दुसरं लग्न पूर्वी सर्रास व्हायचं. त्याला शब्द आहेत, पाट लावणे, म्होतूर. माझी आजी हे शब्द अगदी सहज वापरायची. पहिल्या लग्नाचा मान त्याला नव्हता, वाजंत्री नव्हती, पण होत होतं. विधवेने जन्मभर तसंच राहायचं हा नियम मुळात वरच्या जातींचा. १८९३ मध्ये पुण्यात गणिताचे प्राध्यापक असलेल्या धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकलं. गंमत बघा. कर्व्यांच्या समाजाने हळूहळू तो नियम सोडला आणि आम्ही चार बुकं शिकून, चार एकर वाढवून तोच नियम 'खानदानी' म्हणून उचलला!

आणि कायदा? विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा. रेल्वे नुकतीच सुरू झाली होती तेव्हाचा. त्यात एक मेख होती, पुन्हा लग्न केलं तर मेलेल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क जायचा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर नवऱ्याकडून वारशाने आलेली मालमत्ता पुनर्विवाहामुळे परत जात नाही. तरी मयत मुलाच्या विधवेने वारसा उघडण्याआधीच दुसरं लग्न केलं असेल तर तिला हिस्सा नाही, असं एक कलम शिल्लक होतं. २००५ च्या दुरुस्तीत तेही वगळलं. म्हणजे कायदा एकेक गाठ सोडवत इथवर आला आहे. पण गावात सातबारा कायद्याच्या पुस्तकातून चालत नाही. आमच्याकडे जमीन काकांच्या नावावर होती. वहिनी पुन्हा लग्न करून गेली तर पोरगी कोणाकडे, पोरीचा हिस्सा कसा, हे प्रश्न कोणी मोठ्याने विचारले नाहीत. पण काकूने फोन कपाटात ठेवला तेव्हा त्या कपाटात सातबाराही होता. प्रेमाच्या आड येतं ते दुःख कमी आणि दोन-तीन एकर जास्त, असं माझं मत होत चाललं आहे.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं बंद. शासनानेही इतर गावांना तसं करायला सांगितलं. फार चांगली गोष्ट आहे. पण कुंकू ठेवायची परवानगी वेगळी आणि पुन्हा कुणावर जीव लावायची मुभा वेगळी. दुसऱ्या गोष्टीचा ठराव करता येत नाही. तिथे गोष्टच लागते. सिनेमा लागतो.

म्हणून 'साबर बोंडं' मला महत्त्वाचा वाटतो, आणि फक्त ज्यांच्यासाठी तो बनला असं आपण समजतो त्यांच्यासाठी नाही. आनंद आणि वहिनी यांच्यात तसं काहीच सारखं नाही. त्याच्यावर 'लग्न कर' म्हणून दबाव आणि हिच्यावर 'करायचं नाही' म्हणून. हिच्यामागे १८५६ पासूनचा कायदा आहे. त्याच्यासाठी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रेम गुन्हा नाही एवढं सांगितलं आणि २०२३ मध्ये लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. तरीही दोघांना बजावलेलं एकच. तुझं मन ही घरच्यांनी ठरवायची गोष्ट आहे, आणि आत्ता तर नाहीच नाही, आत्ता घरात माणूस गेलंय.

आता तुम्ही म्हणाल, अरे, कापसाला भाव नाही, २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने तुझ्याच जिल्ह्यात शेतमजूर मेले, आणि तुला लव्हस्टोरी सुचते? मूळ प्रश्न बाजूला पडणार नाही का?

आक्षेप खरा आहे. मीही स्वतःला तो घेतला. उद्या कोणी ग्लिसरीन आणि पाच गाणी घालून 'विधवेचं प्रेम' काढलं तर पहिली शिवी माझी असेल. पण जरा विचार करा. आकडा वाचून आपल्याला जे वाटतं ते पुढचा आकडा येईपर्यंत टिकतं. आपण वर्षानुवर्षं आकडे वाचतोय. आपल्याला जिवंत वाटतं ते माणूस, ज्याला काहीतरी हवं आहे. ज्याला काहीच नको, जो फक्त सोसतो, त्याची आपल्याला दया येते, आणि दया यायला फार कष्ट पडत नाहीत. शनिवारी सिनेमा बघून दया येते आणि सोमवारी स्टँडअप मीटिंगला आपण वेळेवर हजर. आमच्याकडच्या बायकांना आपण ज्या दिवशी हौस असलेली, चिडणारी, चुकणारी, लाजणारी माणसं म्हणून बघू, त्या दिवशी त्यांचा नवरा का गेला हा प्रश्नही आपल्याला जास्त टोचेल. कमी नाही.

जगात हे कोणी केलंच नाही असंही नाही. हिरोकाझू कोरे-एडा या जपानी दिग्दर्शकाचा पहिला कथापट, 'माबोरोशी', १९९५ चा. तरुण नवरा एका रात्री रेल्वेखाली जातो. का, ते कोणालाच कळत नाही. काही वर्षांनी ती बाई लहान मुलाला घेऊन समुद्रकाठच्या एका गावात दुसरं लग्न करून जाते. नवा नवराही विधुर, त्याला एक मुलगी. माणूस चांगला आहे, पोरं रमतात, तीही रमते. आणि तरी पहिला का गेला हा प्रश्न तिला सोडत नाही. सिनेमा कुठेच म्हणत नाही की पहिल्याला विसरलीस तरच दुसरा मिळेल. दोन्ही एकाच घरात राहतात, जुना प्रश्न आणि नवा माणूस. मी तो लॅपटॉपवर रात्री दोन वाजता पाहिला आणि मला सारखं वाटत राहिलं, समुद्राच्या जागी कपाशी ठेवा, बाकी सगळं आमचंच आहे.

कोणी करेल का असा सिनेमा? मला कॅमेऱ्यातलं काही कळत नाही. मी दिवसभर दुसऱ्याच्या कोडमधले बग शोधणारा माणूस. पण तो सिनेमा कुठे घडेल हे मला माहीत आहे. तो घडेल नोव्हेंबरात, सकाळी दवात भिजलेल्या कपाशीत, जिथे बायका किलोवर मजुरी ठरवून वेचणी करतात. बचत गटाच्या मीटिंगमध्ये, जिथे हप्ता गोळा करता करता सगळ्या गावाच्या खबरी फिरतात. तालुक्याच्या बसस्टँडवर, जिथे गाडी दीड तास येत नाही आणि दोन माणसांना दीड तास शेजारी बसायला कायदेशीर कारण मिळतं. जिनिंगच्या गेटवर ट्रॅक्टरच्या रांगेत. नट्या सुंदर नकोत, गाणी नकोत. आणि शेवटी कोणी मरायला नको. एवढी एकच अट आहे माझी. यवतमाळच्या सिनेमात एकदा तरी शेवटी कोणी मरू नये.

या दिवाळीत गावी गेलो होतो. वहिनी आता अंगणवाडीत मदतनीस आहे. पोरगी आठवीत गेली, गणितात हुशार आहे. त्या फोनबद्दल मी वहिनीशी कधीच बोललो नव्हतो. या वेळी ठरवून गेलो होतो, पण धीर झाला नाही. ती चुलीपाशी बसून चिवड्यासाठी शेंगदाणे तळत होती. मी माफी मागण्याऐवजी तिला सिनेमाची स्टोरी सांगायला लागलो. दोन पोरं, एकाचा बाप मेलेला, दहा दिवस, निवडुंगाची फळं, सगळं. मला वाटलं ती हसेल, किंवा "काय बाप्पा शहरातले सिनेमे" म्हणेल.

तिने सगळं ऐकून घेतलं. झारा कढईच्या काठावर आपटला आणि एकच विचारलं.

"मंग त्याच्या मायले माहीत होतं?"

"हो," मी म्हटलं. "माहीत होतं. तिने कोणाला सांगितलं नाही. त्याच्या बाजूनं राह्यली ती."

"हं," ती म्हणाली. "मंग बरं झालं त्याचं."

मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "तुमी तवा लहान होते, भाऊजी."

म्हणजे तिला माहीत होतं. इतकी वर्षं माहीत होतं. आणि मी लहान नव्हतो. एकोणीस वर्षांचा होतो, मतदान करून आलो होतो. मी तसं म्हटलं, आणि जे म्हणायला गेलो होतो तेही म्हटलं. तिने मान हलवली आणि शेंगदाण्याची परात माझ्याकडे सरकवली. त्याचा अर्थ मी माफी असा लावणार नाही. परात होती ती.

मला एवढंच म्हणायचं आहे. 'साबर बोंडं'मध्ये गर्दीने भरलेल्या घरात एक माणूस आनंदच्या बाजूने गप्प राहतं. बाकी सगळी गोष्ट त्या एका गप्प राहण्यावर उभी आहे. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात, चाळीत, गावात कुणीतरी असं आहे, ज्याचं माणूस गेलं आणि जे पुन्हा हसायला लागलंय. आपण त्यांची गोष्ट लिहू शकणार नाही कदाचित, सिनेमा तर नाहीच काढणार. पण गोठ्यामागे कुणी फोनवर हसताना दिसलं तर जेवताना तो विषय काढू नये, इतकं तर आपल्याला जमेल ना?

बघा, पटतंय का. पुढच्या शनिवारी भेटूच.